मशीन गेलं, डिस्क राहिली

नोकरी संपली, पण नोकरीने लावलेली एक खोड काही जात नाही. मोबाइलवरचा एखादा फोटो पुसायचा म्हटलं की माझं बोट काचेवर तसंच थांबतं. परवा मिस्टर म्हणाले, "अगं, तो कोथिंबिरीच्या जुडीचा फोटो आहे. ही घेऊ का ती घेऊ, म्हणून बाजारातून मीच पाठवला होता." तरी मी तो दोनदा मोठा करून बघितला. पुसला. मग गेला का हे बघायला पुन्हा आत शिरले. स्वस्थ बसणं मला जमतच नाही.

उरणजवळच्या एका कंटेनर यार्डाच्या कंपनीत मी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर होते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. आमच्या वस्तीतली मी पहिली कॉम्प्युटर शिकलेली मुलगी, त्यामुळे विहारातल्या कार्यक्रमात माझा सत्कारही झाला होता. सत्कार करणाऱ्यांना वाटलं होतं मी कॉम्प्युटर बनवते. खरं सांगायचं तर माझं निम्मं काम पुसण्याचं होतं, आणि उरलेलं निम्मं काय पुसायचं नाही हे ठरवण्याचं.

ते काम कसं असतं, ते आधी सांगते.

आमच्या सर्व्हर रूममध्ये मोजकीच मोठी यंत्रं होती, पण त्यांच्या पोटात शेकडो कॉम्प्युटर चालत. खरे नव्हे, सॉफ्टवेअरने उभे केलेले. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही नुसतं व्हीएम म्हणायचो. गेटवर ट्रेलरची नोंद घेणारं एक व्हीएम, पगाराचं एक, कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं एक. बाहेरच्या माणसाला वाटतं प्रत्येकाचा वेगळा डबा असेल. तसं काही नसतं. प्रत्येक व्हीएमची डिस्क म्हणजे शेजारच्या कपाटाएवढ्या स्टोरेजमधली एक भलीमोठी फाइल, एवढंच.

व्हीएम नको झालं की ते काढून टाकायचं. तेव्हा पडद्यावर प्रश्न येतो: नुसतं मशीन यादीतून काढू, की त्याच्या डिस्कसकट? पहिलं निवडलं तर मशीन दिसेनासं होतं आणि डिस्क तशीच राहते, जागा अडवून. दुसरं निवडलं तर सगळं जातं, आणि परत आणायचं म्हटलं तर बॅकअपवाल्याच्या पाया पडावं लागतं. आता सांगा, ज्याला घरी जायची घाई आहे तो माणूस काय निवडेल? पहिलंच. डिस्क राहिली म्हणून कोणी रागावत नाही. डिस्क गेली तर नोकरी जाऊ शकते. म्हणून वर्षानुवर्षं आमच्याकडे मशीनं जात राहिली आणि डिस्का साठत राहिल्या. त्यांची नावंही एकेक: 'टेस्ट', 'टेस्ट नवीन', 'टेस्ट नवीन फायनल', 'नको पुसू'. ती 'नको पुसू' कोणाची, ते कोणालाच माहीत नव्हतं.

मी ओरडत होते, पण माझं ओरडणं मीटिंगच्या शेवटी, चहा आल्यावर ऐकलं जाई.

मग एके दिवशी भर दुपारी स्टोरेज भरलं.

स्टोरेज भरलं म्हणजे काय? आमच्याकडे प्रत्येक व्हीएमला कागदावर भरपूर जागा दिलेली असे, प्रत्यक्षात तेवढी नसे. सगळ्यांनी एकदम मागितली नाही तोवर निभतं. त्या दिवशी नाही निभलं. एकामागून एक मशीनं जागच्या जागी थिजली. गेटचं व्हीएम थिजलं आणि आत येणारा ट्रेलर बूमपाशी, म्हणजे गेटच्या आडव्या दांड्यापाशी, उभा राहिला, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा. बघता बघता रांग रस्त्यावर गेली, मग नाक्यापर्यंत, मग नाक्याच्या पलीकडे. आमच्या भागात रस्ता अडला की गावंच अडतात. शाळेच्या रिक्षा, दवाखान्यात निघालेली माणसं, लग्नाची गाडी, सगळी त्या लोखंडी रांगेत.

मी स्टोरेजच्या पडद्यासमोर बसले होते आणि मागे आमचे जनरल मॅनेजर सावंत साहेब येरझाऱ्या घालत होते. "ह्या बेवारशी डिस्का दिसतायत ना? उडवा सगळ्या. लगेच जागा होईल."

"साहेब, बेवारशी दिसतात म्हणून बेवारशी असतीलच असं नाही. कुठलं तरी मशीन त्या वापरत असेल."

"अहो, बाहेर ट्रेलर पार पुलापर्यंत गेलेत!"

तेवढ्यात दाराशी कालवा झाला. सिक्युरिटीला न जुमानता एक कोळीण आत आली होती. नाव सुमनमावशी, हे नंतर कळलं. करंज्याच्या बंदरावरून मासळीचा टेम्पो घेऊन निघाल्या होत्या, तो रांगेत अडकला होता. हातातून पाणी निथळत होतं.

"कोन हाय तो कंप्युटरवाला? माजा बरफ सगला पानी झाला! म्हावरा नासला तं काय तुमच्या सायबाला खायला घालू?"

साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मावशी, मीच ती."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तू? मंग बसलीस काय गो? सोड ना लवकर!"

 पण मी त्या अनोळखी डिस्कांना हात लावला नाही. माझी स्वतःची चाचणीसाठी केलेली मशीनं होती, त्यांचं काय आहे नि काय नाही ते मला पक्कं माहीत होतं. ती मी डिस्कसकट काढली. माझी कित्येक महिन्यांची मेहनत त्यांत गेली, पण स्टोरेजला श्वास घेण्यापुरती जागा झाली. गेटचं मशीन हललं. बूम वर गेला. सुमनमावशी "आता बरा" एवढंच म्हणाल्या आणि धावत टेम्पोकडे गेल्या.

त्यानंतर मात्र माझं ओरडणं मीटिंगच्या सुरुवातीला ऐकलं गेलं. हुकूम निघाला: मालक नसलेल्या सगळ्या डिस्का साफ करायच्या. मी एकच अट घातली. आधी सगळ्या खात्यांना यादी पाठवायची, ज्याला जी हवी ती त्याने मागावी, बाकीच्या जातील. ही अट मी घातली याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता. पुसण्याआधी विचारावं, हाच आमच्या धंद्याचा पहिला धडा. अजूनही मी तेच सांगेन. पण त्या विचारण्यातून पुढे जे झालं, त्याने माझी झोप उडवली.

बहुतेक खात्यांनी उत्तरच दिलं नाही. सेफ्टी ट्रेनिंगच्या शिरीष सरांनी मात्र एक डिस्क मागितली. ती जुन्या कॅमेऱ्यांच्या व्हीएमची होती. आमच्याकडे कॅमेऱ्याचं चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जायचं, पण काही घडलं असेल तर तेवढा तुकडा चौकशीसाठी वेगळ्या डिस्कवर ठेवायची पद्धत होती. पुढे कॅमेरे बदलले, बाहेरच्या एका इंजिनियरने जुनं मशीन यादीतून काढलं आणि डिस्क राहू दिली. शिरीष सरांना त्यांच्या शिबिरांसाठी खरीखुरी दृश्यं हवी होती. "लोक चित्रं बघून झोपतात हो मॅडम," ते म्हणाले. मी रीतसर मंजुरी बघितली आणि डिस्क त्यांच्या ट्रेनिंगच्या मशीनला जोडून दिली. माझ्या दृष्टीने डिस्कला मालक मिळाला होता. प्रश्न मिटला होता.

पुढच्याच शिबिरात कॅन्टीनच्या बायकांनाही बसवलं होतं. त्यांत वनिता होती.

वनिताला सगळी कंपनी ओळखायची. आगरी बाई, शेजारच्याच गावातली, जेवणाच्या काउंटरवर उभी असायची. तिचा नवरा हरेश आमच्याच यार्डात कंटेनरची साखळी लावायचं काम करायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी मागे येणाऱ्या ट्रेलरखाली सापडून तो गेला. त्याच्या जागी कंपनीने हिला कॅन्टीनमध्ये घेतलं. मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

शिबिरात दिवे मालवले, आणि पडद्यावर ते आलं. उंचावरून घेतलेलं, चेहरा न दिसणारं, आवाज नसलेलं. तिच्या शेजारी बसलेली बाई मला नंतर म्हणाली, "मॅडम, दिवे लागल्यावर वनिता उठली नि सरल भटारखान्यात जाऊन भांडी घासाया लागली. घासलेलीच भांडी."

दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. ॲप्रन काढून घडी करून हातात धरला होता.

"मॅडम, तो शिनेमा तुमच्या हितून गेला असा सर बोलले."

"कुठला सिनेमा?"

तिने सांगितलं.  त्या डिस्कवर नेमकं काय आहे हे मी उघडून बघितलं नव्हतं. बघायची पद्धतच नव्हती. डिस्क कोणाची, केवढी, कोणी मागितली, एवढ्यावर आमचं चालायचं.

"कॅमेरा उंचावरचा, चेहरा तर दिसत नसेल ना," मी कशीबशी म्हणाले.

"चेरा कशाला पायजे? चालताना तो डावा खांदा खाली टाकायचा." ती म्हणाली, "लोकांनी दोनदा बगितला. समजावायला सरांनी परत मागं घेतला नि परत लावला. मना वाटला परत उठंल. नाय उठला. मॅडम, तुमी पुसायचा काम करता ना? ते पुसा."

मी हो म्हटलं. पुसणं माझ्या हातात होतं. पुसायची परवानगी माझ्या हातात नव्हती.

शिरीष सर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी स्वतः दोन मृत्यू पाहिले होते आणि त्यानंतरच ते सेफ्टीकडे वळले. मी बोलले तेव्हा त्यांचा चेहरा पडला. पण ते हटले नाहीत. "मला वाईट वाटतंय. पण मॅडम, ते दृश्य दाखवल्यापासून पोरं पिवळ्या रेघेच्या आत उभी राहतात. मी कितीही घसा फोडला तरी जे होत नव्हतं, ते झालं. उद्या त्यामुळे कोणाचा जीव वाचला तर?"

मी वर विचारायला गेले. सावंत साहेबांनी कायदा खात्याकडे बोट दाखवलं. कायदा खात्याने फाइल मागवली. मी रोज विचारायची, रोज "बघतोय" ऐकायची. इकडे जेवायला काउंटरवर गेलं की वनिता भात वाढताना फक्त वर बघायची. विचारायची नाही. मी मान हलवायची, ताट घेऊन कोपऱ्यात जायची, आणि चार घास गिळून उठायची. शेवटी शेवटी मी घरून डबा न्यायला लागले.

एका दुपारी मलाच राहवेना. मी शिरीष सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तुमचं म्हणणं चूक आहे असं मी म्हणत नाही. फक्त ते मला सांगू नका. तिला सांगा. ती आता मोकळी असेल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग उठले. मी बरोबर गेले नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा चहाचा पेला तसाच होता, न प्यायलेला.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मानसं वाचत असतील तर चांगलाच हाय, सर. पन त्याच्यासाठी आमच्या मानसाला रोज कशाला मारायचा? एकदा मेला ना तो." त्यांनी पेला टेबलावर ठेवला. "मी नवीन फिल्म करतो. पुतळा वापरतो. तुम्ही पुसा."

त्यांनीच मग कायदा खात्यात जाऊन ठाण मांडलं. पोलिसांकडे त्यांची प्रत होती, कोर्टाचं काम केव्हाच संपलं होतं, कंपनीला ते ठेवायचं काही कारण उरलं नव्हतं. परवानगी आली.

आता पुसणं म्हणजे बटण दाबलं नि झालं, असं वाटत असेल तर तसं नसतं. डिस्क ट्रेनिंगच्या मशीनला जोडलेली, म्हणजे आधी ती तिथून सोडवायची. त्या मशीनचा कोणी स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीची जशीच्या तशी नक्कल, घेऊन ठेवला असेल तर त्यात ते चित्रण जिवंत असतं. बॅकअपमध्ये एक प्रत. दुसऱ्या गावी संकटकाळासाठी ठेवलेल्या स्टोरेजवर आणखी एक. शिरीष सरांच्या लॅपटॉपवर, त्यांच्या सहायकाच्या पेनड्राइव्हवर. मी एकेकाकडे जाऊन मागत होते आणि एकेक जागा सापडत होती. जेवढं सापडत होतं तेवढी मी जास्तच अस्वस्थ होत होते. वनिताला मी "आता कुठेच नाही" असं सांगणार होते, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघेल का, याचीच धास्ती होती.

शेवटी मूळ डिस्क राहिली. चुकीची डिस्क जाऊ नये म्हणून पुसण्याआधी मला ती उघडून बघावी लागली. दार लावून, एकटीने. बघितलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

वनिताला समोर बसायचं होतं. कॅन्टीनचं काम संपवून ती आली, खुर्चीच्या टोकावर बसली. मी पडद्यावरची चौकट दाखवली. "हे दाबलं तर नुसतं नाव जातं, आतलं राहतं. मागे असंच झालं होतं. आणि हे दाबलं की सगळं जातं."

"मंग दाबा."

मी माउसवर हात ठेवला.

"थांबा," ती म्हणाली. "तुमी बगितला ना?"

"बघावं लागलं."

"शिबिरात तो पडला तवर बगितला, पुढचा बगितलाच नाय. खाली बगत बसलेली." तिने ॲप्रनची घडी मोडली, पुन्हा घातली. "मना एकच सांगा. तो एकटा व्हता का? शेवटाला?"

माझा हात माउसवरून निघाला. "नाही, वनिता. एक माणूस धावत आला. हेल्मेटवाला. त्याने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. गाडी येईपर्यंत तो तसाच बसला होता. कोणीतरी त्याला उठवायला आलं, तरी उठला नाही."

तिच्या तोंडून बारीक आवाज आला. हुंदका नव्हे. पाय खूप दुखत असताना खाली बसल्यावर येतो, तसा.

"कोन तो?"

"कॅमेरा वर होता. हेल्मेट होतं. ओळखता येत नाही."

आता माझीच पंचाईत झाली. तो माणूस फक्त त्या डिस्कवर होता. मी म्हणाले, "आपण हे आत्ता नको पुसूया का? जुन्या कोणाला दाखवलं तर कदाचित..."

 ती म्हणाली, "तो मानूस जिता हाय ना? असंल. मंग त्यालाच विचारू. ह्या शिनेमाला कशाला विचारायचा? पुसा."

मी दाबलं. डिस्कसकट. एक निळी पट्टी सरकली आणि ओळ नाहीशी झाली.

"झाला?"

"झालं."

"आवाज पन नाय व्हत," ती म्हणाली. मग थेट माझ्याकडे बघून, "आता कुटंच नाय?"

"कंपनीत कुठेच नाही."

तिला त्या वाक्यातली फट बरोबर कळली. 

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर वनिता जुन्या माणसांना भात वाढता वाढता विचारायला लागली. "तुमी तवा यार्डात व्हता का?" कोणी नजर चुकवे, कोणी नाही म्हणे. मग एका जुन्या क्रेनवाल्याने आमटीची वाटी पुढे करता करता सांगितलं, "तो इकबाल. टॅली क्लार्क होता, कंटेनरचे नंबर टिपायचा. त्यानंतर फार दिवस राहिला नाही, सोडून गेला. आगरदांड्याचा तो. जेट्टीवर चहाची टपरी आहे त्याची."

वनिताने मला विचारलं, "येता का?" मी तेव्हा निवृत्तीला आले होते, रजा पडून होती. पण रजा नसती तरी गेले असते.

आम्ही करंज्याहून लाँचने रेवसला उतरलो, तिथून अलिबाग, मग मुरूड आणि पुढे रिक्षा.  वाटभर तिने मांडीवरची पिशवी क्षणभरही खाली ठेवली नाही. माझ्या डोक्यात नसते विचार चालू होते. त्याला आठवायचंच नसलं तर? तो उठून गेला तर?

आगरदांड्याला फेरीबोट नुकतीच दिघीकडे सुटली होती, त्यामुळे टपरीवर गर्दी नव्हती. इकबाल पन्नाशीचा, दाढी पांढरी होत आलेला. आम्ही उरणहून आलो म्हटल्यावर त्याचे हात थांबले. वनिताने सांगितलं, "मी हरेशची बायको."

त्याने स्टोव्ह बंद केला. फडक्याने बाक पुसला, पुसलेलाच पुन्हा पुसला. "बैस, बहीण. मॅडम, तुम्ही पण बसा." स्वतः मात्र उभाच राहिला. "मला वाटलाच होता कोन तरी येल. महिन्याभरापूर्वी यार्डातल्या एकाने मला ते फोनवर पाठवला. ट्रेनिंगमधला. म्हणे, बघ, तू हायस ह्यात."

 म्हणजे अंधारात कोणीतरी पडद्याचं चित्रण करून घेतलं होतं. मी इतक्या जागा शोधल्या, आणि एक प्रत इथे, समुद्राच्या काठावर, चहाच्या टपरीत बसली होती. आणि पाठवणाऱ्याने आणखी किती जणांना पाठवलं असेल?

"हाय अजून?" वनिताने विचारलं.

"हाय. बघवत नाही. पुसायची पन हिंमत नाही झाली. वाटला, मीच त्याला टाकून दिला असा होयल."

वनिताने हात पुढे केला. त्याने फोन काढून दिला. तिने तो माझ्याकडे दिला. मी ती फाइल पुसली, मग पुसलेल्या गोष्टी जिथे काही दिवस पडून राहतात ती टोपली उघडून तिथूनही काढली. पाठवणाऱ्याचा नंबर मात्र मागून घेतला. त्याला मी नंतर फोन केला, त्याने माफी मागितली, पुसलं म्हणाला. खरं असेल. मी त्याच्या घरी जाऊन बघू शकत नव्हते. ही टोचणी आजही आहे.

फोन परत घेऊन इकबाल मग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. वनिता म्हणाली, "भाऊ, त्यात आवाज नव्हता. तो काय बोलला का?"

इकबालने खाली बघितलं. "बोलत होता. थोडाच वेळ. मला वाटला घरचा काय बोलेल, तुझा नाव घेल. म्हणून मी कान जवळ नेला." तो अडखळला. "तुला वाईट वाटेल."

"नाय वाटनार. सांगा."

"बूट विचारत होता. एका पायातला बूट निघाला होता ना. 'माजा बूट कुटं गेला? बूट बग रे,' हाच सारखा. मला उठता येत नव्हता, डोका मांडीवर होता. मी एकाला ओरडून सांगितला, त्याने शोधून आणला. मी त्याच्या छातीवर ठेवला, हात धरून त्याला लावला. म्हटला, हा बघ, हाय तुझा बूट. तेव्हा गप झाला."

मी वनिताकडे बघायचं टाळत होते. आणि मला ऐकू आलं ते तिचं हसू. आधी बारीक, मग न आवरता येणारं, तोंडावर पदर धरून. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ती हसत होती.

"नवीन व्हते!" ती म्हणाली. "कंपनीनं नवीन दिलेले. घरात पन घालून हिंडायचा. झोपाळ्यावर बसून पाय वर करून बगायचा. मी वराडायची, लादीवर डाग पडतात म्हणून. तं मना बोलायचा, लोखंडी टोक हाय गो, हत्ती नाचला तरी काय व्हनार नाय."

इकबालही हसला, आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं. तो खाडीकडे बघत बसला. दिघीहून बोट परत येताना दिसायला लागली. एक-दोन गाड्या रांगेत येऊन लागल्या, कोणीतरी चहा मागितला. त्याला ऐकूच आलं नाही.

वनिताने नाक पुसलं, डोळे पुसले. मग रोज काउंटरवर विचारते त्याच आवाजात विचारलं, "भाऊ, जेवलाव?"

तो नाही म्हणाला.

तिने मांडीवरची पिशवी उघडली. तांदळाच्या भाकऱ्या, सुक्या जवळ्याची चटणी, केळीच्या पानात बांधलेली. त्याच्यापुढे ठेवून तिने पान उलगडलं, भाकरीचा तुकडा मोडून चटणीवर ठेवला, आणि स्वतः उठून स्टोव्ह पेटवला. चहा मागणाऱ्या माणसाला म्हणाली, "थांबा जरा. ते जेवतायत. मी देते."